लघवीचे दुखणे, लेसरची पाटी आणि घरातला बाप

साठी ओलांडलेला माणूस रात्रीतून तीन-चार वेळा उठतो. अंधारात बाहेर जातो, बराच वेळ उभा राहतो, थेंब थेंब होते. परत येऊन अंथरुणावर पडतो आणि तासाभराने पुन्हा उठतो. मुलगा जागा असतो, सून जागी असते, बायकोला तर सगळेच ठाऊक असते. पण सकाळी चहा घेताना या विषयावर कोणी चकार शब्द काढीत नाही. बापाला विचारायचे कसे आणि बापाने सांगायचे कसे? "वय झाले, चालायचेच," एवढ्यावर प्रकरण मिटते. बाळंतपण, अंगावरून जाणे, लेकरांच्या लसी यांवर आता खेड्यापाड्यांतही मोकळेपणाने बोलले जाते, आणि ते चांगलेच आहे. पुरुषाच्या या दुखण्याला मात्र अजून तोंड फुटलेले नाही.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असते. नेहमी पुढे बसणारे एखादे वयस्क उपासक हल्ली दाराजवळची जागा धरतात, हे आपण पाहिले असेल. वर्षानुवर्षे अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणारे आजोबा "आता गर्दी सोसवत नाही" म्हणून घरी राहतात. पुष्कळदा खरे कारण गर्दी नसते. वाशिमहून नागपूरपर्यंत एसटीत बसून लघवी धरवत नाही, हे खरे कारण असते. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, पण या भीतीपोटी तो पास खिशातच राहतो.

दुसरीकडे मोठ्या शहरात गेले की पाट्या दिसतात. 'प्रोस्टेटचे लेसर ऑपरेशन. चिरफाड नाही, टाका नाही, लगेच घरी.' मग घरात एकाएकी बोलणे सुरू होते ते थेट पैशांचे. सोयाबीन विकायचे, उचल घ्यायची, की अर्धा एकर गहाण टाकायचा? वर्षानुवर्षे काहीच करायचे नाही आणि एके दिवशी लघवी तुंबली की कर्ज काढून लेसरकडे धावायचे, अशी ही दोन टोके आहेत. आमचे म्हणणे असे की, या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ वाट आहे आणि तिथेच माणसाचे मूत्रपिंडही वाचते व शेतही वाचते.

ही ग्रंथी असते कुठे?

मूत्रपिंडांत लघवी तयार होते, ती दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयाच्या पिशवीत उतरते आणि तिथून मूत्रमार्गाने बाहेर पडते. पिशवीच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून, अक्रोडाएवढी एक ग्रंथी पुरुषाला असते. तीच प्रोस्टेट. मराठीत तिला पौरुषग्रंथी म्हणतात. वीर्यातला काही द्रव तयार करणे हे तिचे काम. तरुणपणी तिचे वजन साधारण वीस ग्रॅम असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. पन्नाशी-साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, आणि ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. म्हणजे हा कुणाचा दोष नव्हे, वाईट चालीचा परिणाम नव्हे, की 'गरमी' नव्हे. पिकलेल्या केसांसारखाच हा वयाचा भाग आहे. फरक एवढाच, की केस पिकल्याने काही अडत नाही. ही ग्रंथी नळीभोवतीच असल्यामुळे ती वाढली की वाट आवळली जाते.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. प्रोस्टेटचा कर्करोग हा वेगळा आजार आहे आणि तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणूनच डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून ग्रंथी चाचपतात आणि 'पीएसए' नावाची रक्ताची तपासणी सांगतात. बोटाची तपासणी म्हटले की आपले लोक उठून घरी येतात. अर्ध्या मिनिटाचे काम असते ते. एक ध्यानात ठेवावे की, पीएसए वाढलेला आला म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी किंवा नुसती मोठी झालेली ग्रंथी, यांनीही तो वाढतो.

न दुखणारे दुखणे

धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, मध्येच थांबणे, जोर करावा लागणे, झाल्यावरही पोट मोकळे झाल्यासारखे न वाटणे, रात्री वारंवार उठावे लागणे: ही ओळखीची लक्षणे. जळजळ झाली की आपण "उन्हाळी लागली" म्हणतो, धण्याजिऱ्याचे पाणी पितो आणि मोकळे होतो. एप्रिल-मे महिन्यांत वाशिमच्या उन्हात दिवसभर शेतावर, वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या माणसाला पाणी कमी पडून जळजळ होते, हे खरे आहे. पण पाणी वाढवूनही ती जात नसेल, किंवा पन्नाशीनंतर पुन्हा पुन्हा होत असेल, तर ती उन्हाळी नव्हे.

लघवी एकाएकी तुंबते तेव्हा माणूस वेदनेने तळमळतो आणि घरचे त्याला उचलून दवाखान्यात नेतात. ते एका अर्थी बरे म्हणायचे, कारण तिथे नळी पडते आणि आजार उघडा होतो. अशा वेळी "लघवी व्हावी म्हणून" तांब्यांवर तांबे पाणी पाजू नये, भरलेली पिशवी आणखी ताणली जाते. १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे.

खरा घात करते ती न दुखणारी तुंब. यात पिशवी महिनोन् महिने हळूहळू फुगत जाते, पूर्ण रिकामी कधीच होत नाही, आणि तिला त्याची सवय होते. दुखत नाही म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. मग वरून भरून वाहणाऱ्या टाकीसारखी लघवी आपोआप गळू लागते आणि म्हातारा माणूस झोपेत अंथरूण ओले करतो. घरातल्यांना वाटते, म्हातारपणी ताबा सुटला. बापाची खाट ओसरीवर जाते. प्रत्यक्षात लघवी जास्त होत नसते, ती अडलेली असते. तिचा दाब मागे मूत्रपिंडांवर पडत असतो, पाय सुजतात, भूक जाते, मळमळते, आणि रक्त तपासले की क्रिएटिनिन वाढलेले निघते. वेळेत नळी घालून वाट मोकळी केली तर पुष्कळदा मूत्रपिंडे सावरतात. उशीर झाला तर डायलिसिसची पाळी येते. ज्या घरात म्हातारा माणूस नव्याने अंथरुणात लघवी करू लागला आहे, त्या घरातील सुनांना आणि लेकींना आमची कळकळीची विनंती आहे, की रागावू नका. त्याच आठवड्यात त्याच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्या आणि लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरते तेवढे मोजायला सांगा.

वारंवार लघवीला जावे लागते म्हणजे प्रोस्टेटच, असेही नाही. मधुमेहातही तसेच होते, आणि या दुखण्याने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत किती छळले ते आपल्या घराघरांत माहीत आहे. म्हणून साखरही तपासावी. आणि लघवीतून रक्त गेले, मग ते एकदाच का जाईना, न दुखता का जाईना, तर थांबू नये. बिडी-तंबाखू ओढणाऱ्याला मूत्राशयाचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि त्याची पहिली खूण बहुधा हीच असते.

सर्दीचे औषध हेही एक निमित्त ठरते. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांनी पिशवीचे तोंड आवळते आणि ज्याची ग्रंथी आधीच वाढलेली आहे त्याची लघवी रातोरात बंद पडते. दारूनेही हेच होते. दुकानातून आपल्या मनाने सर्दीची गोळी आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

विळ्यापासून किरणापर्यंत

वाढलेली प्रोस्टेट काढण्याचे ऑपरेशन नावारूपाला आणले ते पीटर फ्रेयर या आयरिश सर्जनने. हे गृहस्थ वीस वर्षे हिंदुस्थानात इंग्रज सरकारच्या वैद्यकीय सेवेत होते आणि इथल्या लोकांचे मुतखडे काढण्यात त्यांचा हात बसलेला होता. १८९६ साली ते परत गेले आणि डिसेंबर १९०० मध्ये लंडनच्या रुग्णालयात त्यांनी ओटीपोट उघडून, मूत्राशयातून बोट घालून सबंध वाढ बाहेर काढली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात प्रोस्टेटचे ऑपरेशन म्हणजे पोट फाडणे, रक्त आणि महिनाभर खाट. त्याची धास्ती अजून आपल्या बोलण्यात उरली आहे.

पुढे १९२० ते १९३० च्या दशकांत दुर्बिणीचे ऑपरेशन आले. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालायची आणि विजेने तापलेल्या तारेच्या कडीने ग्रंथीचे बारीक काप काढून वाट रुंद करायची. यालाच डॉक्टर 'टीयूआरपी' म्हणतात. इथे वाचकांनी थोडे थांबावे. या ऑपरेशनातही पोटावर चीर नसते आणि टाका नसतो! पाटीवर जी मोठी जाहिरात असते, 'चिरफाड नाही, टाका नाही', ती लेसर नसलेल्या साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनालाही तंतोतंत लागू आहे. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

मग लेसरने नवे काय केले? लेसर म्हणजे एकाच जातीचा, एकाच दिशेने जाणारा, एकवटलेला प्रकाश. तो क्ष-किरण नव्हे, कर्करोगाच्या रुग्णाला देतात तो शेकही नव्हे. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पेटवला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर ज्यांनी शोधला ते कुमार पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. त्यांचा लेसर पुढे कारखान्यांत पत्रे कापू लागला आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरही आला. प्रोस्टेटसाठी मात्र दुसरे प्रकार उपयोगी पडले. हिरव्या प्रकाशाचा लेसर रक्तातला लाल रंग शोषून घेतो, त्यामुळे रक्ताने भरलेली ग्रंथी वाफ होऊन उडून जाते. होल्मियम नावाच्या धातूचा लेसर डोळ्यांना दिसत नाही आणि पाण्यात लगेच शोषला जातो, म्हणून तो अर्ध्या मिलिमीटरच्या आतच काम करतो, खोल जाऊन इजा करीत नाही. थुलियमचा लेसर त्याच वळणाचा आहे.

होल्मियमने ग्रंथी काढण्याची पद्धत न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात बसवली. ती समजून घ्यायला आपल्याकडे संत्रे आहे. संत्र्याची साल जागेवर ठेवून आतल्या फोडी बोटाने सोडवाव्यात, तशी वाढलेली ग्रंथी तिच्या बाहेरच्या कवचापासून लेसरच्या टोकाने सोडवतात, मूत्राशयात ढकलतात आणि तिथे तिचे तुकडे करून शोषून बाहेर काढतात. फ्रेयर साहेब जे बोटाने करीत ते आता अर्धा मिलिमीटर जाडीच्या काचेच्या तंतूने होते.

मुतखडाही हाच होल्मियम लेसर फोडतो. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण वर नेऊन खड्याची भुकटी करतात. पण पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा पाणी आणि औषधांनी आपोआप पडतो, आणि मूत्रपिंडातल्या फार मोठ्या खड्याला पाठीतून लहान छिद्र पाडून काढणे सोयीचे पडते. तिथेही सरसकट लेसर नाही.

कोणाला लेसर, कोणाला नको

पहिली गोष्ट, ग्रंथी वाढलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. त्रास थोडा असेल तर संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी करणे आणि वर्षातून एकदा दाखवणे पुरते. त्याहून जास्त असेल तर टॅमसुलोसिनसारख्या गोळीने पिशवीचे तोंड सैल होते आणि काही दिवसांतच धार सुधारते. ती घेतल्यावर एकदम उठून उभे राहू नये, चक्कर येते. ग्रंथी आकसणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात. त्यांचा गुण यायला चार-सहा महिने लागतात आणि त्यांनी पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून तपासणीच्या वेळी ती गोळी चालू असल्याचे सांगावे.

गोळ्यांनी भागत नसेल, लघवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, पिशवीत खडा झाला असेल, सारखा जंतुसंसर्ग होत असेल, रक्त जात असेल किंवा मूत्रपिंडांवर दाब आला असेल, तर मात्र ऑपरेशन टाळू नये. पैसा नाही म्हणून बापाला वर्ष-वर्ष नळीवर ठेवणारी घरे आहेत. ती नळी वेळोवेळी बदलावी लागते, तिच्यातून जंतू शिरतात आणि त्या माणसाचे बाहेर जाणेच बंद होते.

ऑपरेशन ठरले की लेसर की साधी दुर्बीण? मध्यम आकाराच्या ग्रंथीत, साधारण ऐंशी ग्रॅमपर्यंत, दोन्हींनी लघवीची वाट सारखीच मोकळी होते. लेसरने रक्तस्राव कमी होतो, नळी लवकर निघते, दवाखान्यातला मुक्काम एखाद-दोन दिवसांनी घटतो. ग्रंथी फार मोठी असेल किंवा हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील, तर लेसरचा फायदा खराखुरा आहे आणि अशा माणसासाठी धडपड करावी. इतरांनी त्यासाठी शेत विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय होल्मियमची पद्धत शिकायला अवघड आहे. यंत्र कोणते यापेक्षा हात कोणाचा, हे जास्त महत्त्वाचे. "डॉक्टरसाहेब, माझी ग्रंथी किती ग्रॅमची आहे? साध्या दुर्बिणीने होणार नाही का? काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना?" हे तीन प्रश्न विचारायला लाजू नये. वाफ करणाऱ्या लेसरमध्ये तपासायला तुकडाच उरत नाही, म्हणून कर्करोगाची शंका आधीच फेडून घ्यावी लागते.

ज्या प्रश्नाने माणसे ऑपरेशनला घाबरतात, तो प्रश्न असा: "मर्दानगी जाईल का?" ताठरता ज्या नसांवर अवलंबून असते त्या कवचाच्या बाहेर असतात, त्यामुळे ती बहुतेकांत पूर्वीसारखीच राहते. एक बदल मात्र लेसर असो की दुर्बीण, पुष्कळांना होतो: वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि लघवीबरोबर निघून जाते. त्याने अपाय नाही, पण आधी सांगितले नसेल तर माणूस खचतो. ज्याला अजून मूल हवे आहे त्याने हे ऑपरेशनपूर्वीच बोलावे. काही आठवडे जळजळ आणि खोकताना-शिंकताना लघवी सुटणे, हेही होते आणि बहुतेकांचे जाते.

वाशिमच्या माणसाने कुठे जावे?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला, पण मोठ्या दुखण्याला अकोल्याची वाट धरण्याची सवय रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत सगळ्यांना अजून आहे. २०१८ साली नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि वाशिम त्यांतला एक. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचेही आहे. अशा नव्या महाविद्यालयात मूत्ररोगाचा स्वतंत्र विभाग पहिल्या दिवसापासून असतोच असे नाही. पण पहिली पायरी इथेच चढता येते: सर्जनकडून तपासणी, सोनोग्राफी, साखर, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथली कागदपत्रे घेऊनच पुढे अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठावे. अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि नागपूरचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला विसरून चालणार नाही. २०१२ साली जीवनदायी योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये सबंध राज्यात आली आणि २०१७ मध्ये तिला फुल्यांचे नाव मिळाले. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत, दुर्बिणीचे प्रोस्टेटचे ऑपरेशनही. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जावे, डॉक्टरांनी सांगितलेले नेमके ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते का ते विचारावे, आणि मंजुरी येईपर्यंत कुठेही पैसे भरू नयेत. एकदा खासगीत पैसे भरून दाखल झाले की मग योजनेत शिरणे कठीण जाते. रेशनकार्डावर बापाचे नाव जुन्या घरात आणि मुलाचे पुण्यात, अशी गत आपल्याकडे फार घरांत आहे. ते आधी दुरुस्त करून ठेवावे, रात्री अकरा वाजता ते होत नाही.

ऑपरेशन बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन, कंबरेखाली बधिर करून होते. घरी आल्यावर महिना-दीड महिना पोती उचलणे, सायकल, मोटारसायकल, ट्रॅक्टर बंद. पाणी भरपूर प्यावे, शौचाला जोर लागू देऊ नये. दहा-पंधरा दिवसांनी एखादे वेळी लघवी पुन्हा लालसर होते, कारण आतली खपली पडते. पाणी वाढवले की ती साफ होते. गाठी पडू लागल्या, ताप आला किंवा लघवी थांबली, तर त्याच दिवशी परत जावे. मजुरी बुडेल म्हणून आठव्या दिवशी कामावर जाणारे रक्तस्राव घेऊन पुन्हा दाखल होतात. तुकड्याच्या तपासणीचा कागद आठ-दहा दिवसांनी मिळतो, तो आणायला घरातल्या कोणीतरी आठवणीने जावे आणि रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावा. संत्र्याची साल आतच राहिलेली असते, त्यामुळे वर्षाची तपासणी ऑपरेशननंतरही चालूच ठेवायची असते आणि त्या वेळी डॉक्टर आधी तोच कागद मागतात.